देवगिरीच्या हौदात किती रेल्वे मावतात?

लातूरच्या माणसाला कुठंही फिरायला न्या, तो आधी पाण्याचं बघतो. लॉजवर शिरला की नळ सोडून पाहतो, देवळात गेला की बारव शोधतो, पाहुण्यांच्या घरी चहा व्हायच्या आत टाकी किती लिटरची ते विचारून घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली आणि मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हापासून ही खोड अंगात मुरली ती मुरलीच. भाद्रपदात आम्ही छत्रपती संभाजीनगरची एक दिवसाची, गाईडसकट सहल केली, तेव्हाही तेच झालं. बाकीचे दगड बघत होते आणि मी दगडातलं पाणी शोधत होते. कैलास लेण्याचं साग्रसंगीत वर्णन हवं असेल तर ते इतरांनी माझ्याहून कितीतरी चांगलं करून ठेवलंय, इथं ते मिळणार नाही.

सहलीचा कार्यक्रम नेहमीचाच. सकाळी देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला, मग वेरूळ, घृष्णेश्वर, परत शहरात येऊन बीबी का मकबरा आणि शेवटी पाणचक्की. जेवण आपापल्या खर्चानं. यादीत नसलेला पण कधीच न चुकणारा थांबा म्हणजे हिमरू-पैठणीचं दुकान. मिनीबसमध्ये नांदेडचं एक निवृत्त जोडपं, परभणीचं भलंमोठं कुटुंब, पुण्याची दोन पोरं आणि आम्ही दोघी, मी आणि माझी आत्या. आत्या सत्तरी ओलांडलेली. पाच लिटरचा कॅन घेऊनच बसमध्ये चढली.

"आत्या, तिकडं बाटली मिळते गं सगळीकडं."

"मिळती की. पर इकत घेतलेल्या पान्यानं तहान जात न्हाई."

गाईड पन्नाशीचे, बारीक चणीचे, हातात काळी छत्री. बसमधले सगळे त्यांना 'सर' म्हणत होते, आत्या 'मास्तर' म्हणायची आणि ते दोन्हीला ओ द्यायचे. गाईड घ्यायचा म्हटलं की आपल्याकडं पहिली प्रतिक्रिया कपाळाला आठी. फलक लावलेत की, पैसे कशाला द्यायचे? आणि फलक तर आपण वाचत नाहीच. हे गृहस्थ मात्र पैसे वसूल करणारे होते. थापा मारत नव्हते, ही मोठी गोष्ट. दंतकथा असली की आधी 'असं लोक सांगतात' म्हणायचे, आणि इतिहास असला की सन सांगायचे. तरी एक गोष्ट दिवसभरात माझ्या ध्यानात आली. गाईड जिथं थांबतो तिथं काहीतरी महत्त्वाचं असणार असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तिथं फक्त सावली असते. त्यात त्याचा काय दोष? रोज तीच वाट, तेच ऊन. वर्षानुवर्षं सावली बघून जो मार्ग पडतो तोच आपल्या लेखी इतिहासाचा मार्ग होऊन बसतो. आणि पाण्याच्या जागा बहुतेक उन्हातच असतात.

देवगिरीचा हत्ती हौद त्यातलाच. महाकोटाच्या दरवाजातून आत गेलं की भारतमाता मंदिर आणि चांद मिनाराकडं जाताना हा डाव्या हाताला लागतो. सरांनी छत्रीनं लांबूनच दाखवला, "हा हत्ती हौद, पाणी साठवायला," आणि पावलं मिनाराकडं वळवली. चांद मिनार बहमनी काळातला, १४४५ चा, साठ मीटरहून उंच. सगळ्यांच्या माना वर. मी आणि परभणीच्या कुटुंबातला इंजिनिअरिंगचा पोरगा मागं राहिलो, कारण त्याला फोटो हवा होता आणि मला हौदाच्या काठावर उभं राहायचं होतं.

काठावर गेल्याशिवाय त्या हौदाचा आवाका कळत नाही. सुमारे ३८ मीटर लांब, तेवढाच रुंद, साडेसहा मीटरच्या आसपास खोल. चारी बाजूंनी काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, तळाशी शेवाळलेलं हिरवं पाणी, एका कोपऱ्यात भिंतीच्या सांध्यातून उगवलेलं पिंपळाचं रोप आणि त्याखाली ओल्या दगडावर सरळ रेषेत चाललेल्या मुंग्या. आसपासच्या डोंगरांतून खापराच्या नळांनी पाणी इथं आणून सोडत. किल्ल्याच्या परिसरात असे नळांचे तुकडे अजून दिसतात. मी त्या पोराला म्हटलं, "कर रे गुणाकार." त्यानं मोबाईल काढला. तुडुंब भरला तर नव्वद लाख लिटरच्या वर.

लातूरला १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी आली ती दहा वॅगनची, पाच लाख लिटरची. पुढं पन्नास वॅगनच्या गाड्या सुरू झाल्या, पंचवीस लाख लिटरच्या. त्या गाडीला आम्ही हार घातले, फोटो काढले, टीव्हीवाल्यांना मुलाखती दिल्या. नव्वदला पंचवीसनं भागा. साडेतीनहून जास्त भरलेल्या गाड्या या एका हौदात मावतात. साडेतीनशे किलोमीटरवरून इंजिन लावून ओढून आणलेल्या.

आत्या तोवर मागून आली होती. तिला हिशोब सांगितला. तिनं कमरेवर हात ठेवून हौदात बघितलं, मग डोंगराकडं बघितलं.

"आन् हितं इंजिन लागत नव्हतं," ती म्हणाली. "उतारानंच येत असंल की."

एवढ्या एका वाक्यात तिनं जलअभियांत्रिकीचा निम्मा अभ्यासक्रम उरकला आणि मंदिराकडं निघून गेली.

पुढचा किल्ला सरांनी झकास दाखवला. यादवांची राजधानी, १२व्या शतकाच्या अखेरीस भिल्लमानं वसवलेली. खालून तासून काढलेला उभा कडा, ज्यावर घोरपडही चढायची नाही असं म्हणतात. कातळात खोदलेला खंदक आणि त्यावरचा जुना दगडी पूल. हल्ला आला की खंदकातलं पाणी वाढवून तो पूलच बुडवायची सोय होती असं ते म्हणाले. मग अंधारी, म्हणजे गडाच्या पोटातली काळोखी वाट. सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावले, वटवाघळांच्या वासात मिनिटभर उभं केलं आणि शत्रू कसा चुकून खंदकात पडायचा ते असं सांगितलं की पुण्याची पोरंही एकमेकांचे हात धरून उभी राहिली. नाटक होतं, पण चांगलं वठलेलं.

आणि मग १२९६ ची गोष्ट. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, रामदेवराय गडावर शिरला, गडाला वेढा पडला. घाईघाईनं वर चढवलेली पोती फोडली तर धान्याऐवजी मीठ निघालं. तह करावा लागला. ही कथा मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय आणि दरवेळी ती फितुरीची किंवा दुर्दैवाची म्हणून सांगतात. त्या दिवशी हौद बघून आल्यावर मला ती वेगळीच ऐकू आली. तटबंदी शाबूत, कडा शाबूत, खंदक शाबूत, पाण्याची सोय अशी की बघणाऱ्याची मान झुकावी. आणि गड नमला तो कोठारावरच्या कारकुनीमुळं. पोतं उघडून बघायचं काम कुणाचं होतं? एवढं एक काम कुणीतरी 'झालं' म्हणून टिपून मोकळा झाला असणार. ज्यांनी सरकारी टँकरच्या फेऱ्यांचे कागद बघितलेत त्यांना यात नवल वाटायचं नाही.

आत्याला मात्र या सगळ्यात रस नव्हता. तिला वर जायचं होतं, जनार्दनस्वामींच्या स्थानापर्यंत. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार आणि नाथांचे गुरू. एका पैची चूक सापडावी म्हणून रात्रभर वह्या घेऊन बसलेले एकनाथ ते याच गडावरचे. (मिठाच्या पोत्यांच्या वेळी असा एक हिशोबनीस हवा होता, पण मध्ये जवळजवळ अडीचशे वर्षांचं अंतर पडलं.) सरांनी घड्याळ दाखवलं. वेरूळला उशीर होईल, बारादरीच्या वर चढायचं नाही. आत्या रुसली. उतरताना पायऱ्यांवर बसून तिनं मला नाथांची सगळी चरित्रकथा ऐकवली आणि त्यात पाण्यावाचून दुसरं काहीच नव्हतं. काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. पैठणच्या वाड्यात साक्षात पांडुरंग श्रीखंड्या होऊन बारा वर्षं रांजण भरत राहिला. तो रांजण आजही तिथं दाखवतात.

"देव झाला म्हनून काय, मराठवाड्यात आला की त्यालाबी पानीच भरावं लागलं," आत्या म्हणाली आणि कॅनमधलं पाणी झाकणात ओतून मला दिलं.

दौलताबादचा घाट चढून बस कागजीपुऱ्यावरून गेली. हातकागदाचं गाव. तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी इकडं आणली त्या काळात आलेल्या कारागिरांपासून इथला कागद सुरू झाला अशी परंपरा सांगतात. कागदाचा लगदा म्हणजे पुन्हा पाणीच, पण बस थांबली नाही. खुलताबादही खिडकीतूनच. घाटमाथ्यावरून एका वळणावर वेरूळचा डोंगर समोर उघडतो. खाली हिरवी शेतं, मका आणि कपाशी, आणि डोंगराच्या पोटाला ओळीनं काळी तोंडं. उत्तर-दक्षिण पसरलेली चौतीस लेणी एका नजरेत काही दिसत नाहीत, पण डोंगर आतून पोकळ आहे एवढं कळतं. भाद्रपदात या उतारावरून जागोजाग पाण्याच्या बारीक धारा सुटलेल्या असतात. पंधरा दिवसांनी गेलात तर त्या दिसतीलच असं नाही.

इथं जरा दगडाबद्दल बोललं पाहिजे, कारण मराठवाड्याची सगळी गोम त्याच्यात आहे. आपला डोंगर बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला. काही थर जाड, भरीव, एकजीव असतात. काही भेगाळलेले, सच्छिद्र, कुजून मुरूम झालेले. लेणं कोरायला भरीव थर लागतो, नाहीतर खांब उभा राहत नाही आणि छत खाली येतं. कारागिरांनी नेमके तसेच थर हेरले. पण पाणी साठतं ते दुसऱ्या जातीच्या थरात, भेगांत आणि मुरमात. भरीव काळ्या पाषाणात बोअरची मशीन दिवसभर धुरळा काढत बसते आणि पाणी लागत नाही. आमच्याकडं सातशे-आठशे फूट जाऊन कोरडे गेलेले बोअर गल्लोगल्ली आहेत. म्हणजे ज्या दगडानं वेरूळ दिलं, त्याच दगडानं लातूरला रेल्वेची वाट बघायला लावली. हा विचार मला कैलासाच्या अंगणात उभं असताना आला आणि तो आल्यावर तिथले हत्ती-सिंह मी जरा हिशोबी नजरेनंच बघू लागले.

कैलास म्हणजे १६ नंबर. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ८वं शतक. कळसापासून सुरुवात करून पायापर्यंत कोरत आणलेलं. सरांनी राणी माणकावतीची कथा सांगितली: राजाच्या दुखण्यासाठी तिनं नवस केला, कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही म्हणाली, आणि पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पकारानं वरून काम सुरू केलं म्हणून तिचा उपास लवकर सुटला. कथा छान आहे. तिचा आधीचा भाग ते सांगत नाहीत. राजाचं दुखणं इकडच्याच एका तीर्थाच्या पाण्यानं बरं झालं म्हणे. म्हणजे एवढ्या मोठ्या देवळाच्या मुळाशी, निदान लोकांच्या आठवणीत तरी, एक आंघोळ आहे.

आत शिरल्यावर पहिलं काय दिसतं? सगळे मंडपाकडं धावतात. पण दाराच्या अगदी समोर गजलक्ष्मी आहे. कमळांनी भरलेल्या तळ्यात बसलेली आणि वरून हत्ती तिच्यावर कलश उपडे करतायत. कोरडवाहू मुलखातल्या देवळात शिरताना हे पहिलं दर्शन. मला वाटतं ते असंच असायला हवं होतं.

मग अंगणाच्या उत्तरेकडची सरितांची ओवरी. आमचा ग्रुप सरांच्या मागं उजवीकडं, रामायणाच्या पट्टाकडं वळला होता, तेव्हा मी डावीकडं गेले. तीन कोनाडे, तीन नद्या. मकरावर गंगा, कासवावर यमुना, कमळावर सरस्वती. जवळ गेल्यावर दिसतं की या मूर्ती नुसत्या उभ्या नाहीत, कमरेतून किंचित वळलेल्या आहेत, जणू प्रवाहात तोल सावरतायत. चेहऱ्यांची झीज झालीय. पायाखालची वाहनं मात्र ओळखू येतात. मकराचं शेपूट तर इतकं वळणावळणाचं की ते शेपूट आहे की पाण्याचा भोवरा, ठरवत बसावं. कोनाड्यात वाऱ्यानं आलेलं कुरकुऱ्याचं पाकीट होतं. ते उचललं.

राष्ट्रकूटांपैकी ध्रुव राजानं उत्तरेची मोहीम जिंकल्यावर गंगा-यमुना आपल्या राजचिन्हांत घेतल्या होत्या. म्हणून या ओवरीला भक्तीइतकाच दिग्विजयाचाही वास येतो. ते ठीक आहे, राजे आहेत ते. पण इथल्या कोनाड्यांत गोदावरी नाही. आणि वेरूळच्या डोंगरावरून जी उडी घेते, ज्या ओढ्याच्या काठानं ही वस्ती झाली, त्या येळगंगेचीही मूर्ती नाही. घरच्या पाण्याला मखर नसतं.

येळगंगा बघायची तर २९ नंबरला जावं लागतं, सीतेची न्हाणी. सहलीत हे लेणं धरलेलं नव्हतं. सर म्हणाले, लांब आहे, ओलं आहे, आणि मकबरा राहील. निम्मी मंडळी तोवर बाहेर शहाळी पीत बसली होती. मी पुन्हा विचारलं तर माणूस क्षणभर थांबला, छत्री मिटली आणि म्हणाला, "चला, पण पटापट. तिकडं मलाही आवडतं. कोणी विचारत नाही."

तिथं गेल्यावर त्यांचा आवाजच बदलला. पाठ केलेली वाक्यं संपली. धबधब्याजवळ आवाज इतका की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडून कुणी पाठांतर म्हणत नाही. पाणी वरच्या कड्यावरून खाली कुंडात पडतं, तुषार थेट लेण्याच्या पायऱ्यांपर्यंत. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दगडी सिंह, त्यांच्या पाठी ओल्या. आत घारापुरीची आठवण व्हावी असे दांडगे खांब, गाभाऱ्यात शिवलिंग, भिंतीवर कैलास हलवणारा रावण. लेण्याला तीन बाजूंनी उजेड येतो, त्यामुळे आत उभं राहिलं तरी डोळे अंधारत नाहीत. पाण्याचा आवाज खांबांवर आपटून मागून यायला लागतो. आत्या पायऱ्या उतरून कुंडाजवळ गेली नाही, पण तुषार येतात तिथं दगडावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

मी सरांना पितळखोऱ्याबद्दल विचारलं. कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या दरीत उतरलेली ती लेणी वेरूळपेक्षा खूप जुनी, इसवी सनापूर्वीची. तिथं चौथ्या लेण्याच्या दारापाशी पाच फण्यांचा नाग कोरलाय. वरच्या कातळातून पन्हळ खोदून पाणी थेट त्या फण्यांपर्यंत आणलेलं, म्हणजे दारात येणाऱ्यावर नागाच्या तोंडातून शिंतोडे उडायचे. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यातले काही पैठणचे. एक सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या घराण्यातला, आणि भिक्षूंच्या निवासासाठी दान देणारा एक राजवैद्य. मला हे फार आवडतं. राजानं पैसे दिले तर लेणं भव्य होतं, अत्तरवाल्यानं आणि वैद्यानं दिले तर त्यात पाय धुवायची सोय होते.

"पितळखोरा!" सर म्हणाले. "मॅडम, तिकडं न्यायला कोणी सांगतच नाही. एवढ्या पायऱ्या कोण उतरणार? बस लावायला दुकान नाही जवळ."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. मी त्याला सहलीच्या धंद्याची व्याख्याच समजते.

घृष्णेश्वराला रांग होती. दर्शन झालं, आत्याचं समाधान झालं, त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं नाही. मंदिराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला आणि पुढं होळकरांनी, हे सरांनी रांगेतच सांगून टाकलं. भोसल्यांचं वेरूळ ते हेच. पण मंदिराजवळ होळकरांच्या काळातलं शिवालय तीर्थ आहे आणि तिकडं आमची बस जाणार नव्हती. आम्ही चालत गेलो. लाल दगडाचा चौकोनी कुंड, चारी अंगांनी टप्प्याटप्प्यानं उतरत गेलेल्या पायऱ्या आणि मधल्या टप्प्यावर आठ छोटी देवळं, पाण्याकडं तोंड करून. पायऱ्यांच्या मांडणीत असा हिशोब आहे की पाणी कितीही उतरलं तरी शेवटच्या माणसाला कळशी बुडवता यावी. सरांनी तिकडं येताना एकच गोष्ट सांगितली आणि ती कुठल्या पुस्तकातली नव्हती: लहानपणी ते याच पायऱ्यांवरून उड्या मारायला शिकले. आता तसं कुणी उड्या मारू देत नाही.

दुकानात चाळीस मिनिटं गेली. कैलासाला तेवढी मिळाली नव्हती. पैठणीचा मोर दाखवणाऱ्या पोराचं पाठांतर सरांपेक्षा सरस होतं. नांदेडच्या काकूंनी एक घेतली, आत्यानं प्रत्येकीचा भाव विचारला आणि एकही घेतली नाही. मकबरा संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतो. कारंजी बंद होती. पुढं.

पाणचक्कीला पोचलो तेव्हा बसमधले निम्मे लोक पाय सोडून बसले होते, आणि दिवसातली सगळ्यात शहाणी गोष्ट तिथंच होती. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कित्येक किलोमीटर जमिनीखालच्या खापरी नळांनी इथं आणलंय. ते उंच बांधीव भिंतीतून आपल्याच दाबानं वर चढतं आणि हौदात कोसळतं. त्या पाण्याच्या जोरावर खाली चाक फिरायचं आणि दळण निघायचं, इथल्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी. १८व्या शतकातलं काम. मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. म्हणजे वर पाणी आणि त्याच्या तळाखाली माणसं, उन्हाळ्यात एसी लागू नये असं. दालनाच्या दाराशी हात लावला तर दगड गार होता.

याच्याही आधी मलिक अंबरानं हे शहर वसवलं ते खडकी नावानं, १६१० मध्ये, आणि काही वर्षांत नहर खोदून घेतली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, निजामशाहीचा वजीर झालेला, मोगलांना आयुष्यभर दमवलेला. त्याच्या लढायांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला तो नहरीमुळं मोठा वाटतो. शहर वसवायचं तर आधी पाणी कुठून येणार, हा प्रश्न त्यानं शहराला तट पडायच्या आधीच सोडवला, आणि तोही पूर्ण उतारावर. आज त्याच शहराला पैठणच्या जायकवाडीतून पंपानं पाणी चढवून आणावं लागतं, आणि बऱ्याच भागांत नळाला ते कित्येक दिवसांनी एकदा येतं. परभणीच्या कुटुंबातल्या एका काकांची मुलगी याच शहरात दिली आहे. ते म्हणाले, "जावयाच्या घरी जायचं ते पाण्याचा वार बघूनच."

सर हौदाच्या काठावर बसले होते. चपला काढल्या होत्या. मी त्यांना हत्ती हौदाचा हिशोब सांगितला, वॅगनसकट. त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "इतकी वर्षं लोक मला एकच विचारतात, मॅडम, कैलासाला दगड किती काढला. दोन लाख टन सांगतो मी, सगळेच सांगतात. पाणी किती, हे कोणी विचारलं नाही." आणि मग त्यांच्या मोहल्ल्यातल्या हौदाचं सांगायला लागले, त्यांच्या आजीच्या काळात नहरीचं पाणी तिथं कसं पडायचं, सणाला हौद धुवायची पाळी कुणाची असायची, त्यावरून कोणत्या दोन घरांत बोलणं बंद होतं. त्यात सन नव्हता एकही. पुण्याची पोरंसुद्धा मोबाईल खिशात टाकून ऐकत बसली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला.

जाणार असाल तर पावसाळा संपता संपता जा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तो वार टाळा. बसमध्ये बसतानाच गाईडला सांगून ठेवा की हत्ती हौद, सीतेची न्हाणी आणि शिवालय तीर्थ बघायचंय; त्यासाठी दुकानातली वीस मिनिटं कापली तरी चालतील. ते कुरकुर करतील, पण ऐकतील. वेरूळला आधी कुंड बघायचं की आधी महादेव, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आत्या म्हणते आधी महादेव. पण तीही आधी हातपाय धुवायला पाणीच शोधते.